हक्क आणि हक्कसोड

मुंबई विद्यापीठातून गेल्या काही वर्षांत बी.ए. केलेल्या कुणालाही 'एफसी' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. फाउंडेशन कोर्स. सगळ्यांना सक्तीचा, फारसा कुणालाच न आवडणारा, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या नोट्सवर निघून जाणारा पेपर. त्यात दुसऱ्या सेमिस्टरला मानवी हक्कांचं एक प्रकरण असायचं. संकल्पना, उगम, १९४८ चा जाहीरनामा आणि आपल्या घटनेतले मूलभूत हक्क. पुढच्या सेमिस्टरला याच हक्कांचं उल्लंघन आणि दाद कुठे मागायची, हे. नव्या शैक्षणिक धोरणात पेपरांची नावं आणि क्रेडिटं बदलली, तरी विषय या ना त्या रूपात उरलाच आहे.

मी सानपाड्यात राहते आणि तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. ज्याचा तास रिकामा त्याच्या गळ्यात एफसी, हा अनेक कॉलेजांतला अलिखित नियम. तसं हे प्रकरण माझ्याकडे आलं आणि राहिलं. वर्गात निम्मी मुलं नोडमधल्या सोसायट्यांतली, निम्मी मूळ गावांतली: सानपाडा, जुहूगाव, तुर्भे, शिरवणे. सुरुवातीला मी एकच प्रश्न विचारते. 'हक्क' हा शब्द तुम्ही घरात कधी ऐकलात? सोसायटीतली मुलं विचारात पडतात. गावातल्या मुली मात्र पटकन सांगतात, "मॅडम, हक्कसोड."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हक्कसोडपत्र म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतला आपला वाटा दुसऱ्या वारसांच्या नावे सोडून दिल्याचा दस्त. कायद्याने तो कुणीही कुणासाठीही करू शकतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा बहिणी भावांसाठी करतात. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायचं, सही करायची, अंगठा द्यायचा, फोटो काढायचा, आणि माहेरची वाट मोकळी ठेवायची.

पुस्तकातला हक्क जन्मतः मिळतो, सोडता येत नाही. घरातला हक्क सही करून सोडला जातो. या दोन शब्दांच्या मधे काय आहे, ते समजून घ्यायचं तर थोडा इतिहास बघावा लागतो. आणि तो पॅरिसपेक्षा आपल्या जास्त जवळ घडलेला आहे.

तरी सुरुवात पॅरिसपासूनच करू. १० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. बाजूने ४८ मतं, विरोधात एकही नाही, ८ देश तटस्थ. पहिल्या कलमाचा मसुदा होता तेव्हा त्यात इंग्रजीत 'ऑल मेन', म्हणजे सर्व पुरुष, असे शब्द होते. अनेकांचं म्हणणं होतं की यात बायका धरलेल्याच आहेत. मानवी हक्क आयोगावरच्या भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांना ते पटलं नाही. मुंबई प्रांताच्या राजकारणात मुरलेल्या या बाईंना ठाऊक होतं की 'धरलेल्याच आहेत' याचा अर्थ वेळ आली की वगळता येतात. त्यांच्या आग्रहातून ते शब्द 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' झाले. सर्व माणसं.

एक शब्द बदलला. पण असा शब्द कागदावर आला म्हणजे काम झालं का? याचं उत्तर महाडच्या तळ्यात आहे.

महाडचा सत्याग्रह आपण शाळेत शिकतो, पण त्यातली तारखांची उतरंड सहसा कुणी सांगत नाही. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सरकारी खर्चातून चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क होता. पाणी मात्र नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर जाऊन पाणी प्यायली, तेव्हा ती नवा हक्क मागत नव्हती, मिळालेला हक्क वापरत होती. त्याबद्दल त्यांच्यावर हल्ला झाला आणि तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं.

डिसेंबरमध्ये परिषद पुन्हा भरली. विरोधकांनी कोर्टातून मनाई आणली होती, त्यामुळे तळ्यावर जाणं तहकूब झालं. पण २५ डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली, आणि परिषदेने जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. मनुस्मृतीचं दहन लोकांच्या लक्षात राहिलं, हा जाहीरनामा तेवढा राहिला नाही. पॅरिसच्या २१ वर्षं आधी, कुलाबा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, माणसं जन्मतः समान आहेत असं लिहून मंजूर झालं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने तळ्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला तो मार्च १९३७ मध्ये. पहिल्या ठरावापासून मोजा: चौदा वर्षं.

याच कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावात, १९३३ पासून दुसरी गोष्ट चालू होती. खोतांच्या जमिनी कसणाऱ्या आगरी कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप केला. नांगरच धरायचा नाही. पिकातला मोठा वाटा खोत नेणार असेल तर पीकच नको. हा संप जवळपास सहा वर्षं, १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं शेत पडीक ठेवून भाताच्या मुलखातल्या माणसांनी काय खाल्लं असेल, याचा विचार करा. आंबेडकरांनी या शेतकऱ्यांना पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक कायदेमंडळात मांडलं. पुढे १९४८ चा कूळ कायदा आला, त्यात दुरुस्त्या झाल्या आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जो कसत होता तो मालक मानला गेला. ठाणे-कुलाबा पट्ट्यातल्या कितीतरी कुळांचं नाव पहिल्यांदा सातबाऱ्यावर मालक म्हणून चढलं.

आता नवी मुंबईकडे या. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यायची, त्यासाठी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांची, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरची जागा ठरली. त्यात सानपाडा गावही आलं. आज पामबीच रोडवरून गाडी सुसाट जाते तो भाग म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनी, बांध घालून खारं पाणी अडवून केलेली भातशेती, मिठागरं, आणि भरती-ओहोटीवर जगणारी मासेमारी. कूळ कायद्याने मालक होऊन उणीपुरी पंधरा वर्षं झाली असतील नसतील, तोच त्या मालकांच्या हातात संपादनाची नोटीस आली.

कायदा कुठला? १८९४ चा. इंग्रजांनी केलेला. 'सार्वजनिक प्रयोजन' एवढं म्हटलं की सरकार जमीन घेऊ शकत होतं. मालकाची संमती लागत नव्हती. आणि भाव धरला जायचा तो प्राथमिक अधिसूचना निघाली त्या दिवसाचा. शहर उभं राहिल्यावर त्याच जमिनीला जो भाव आला, त्याचा मूळ मालकाशी संबंध नव्हता.

इथे माझ्या वर्गात एक हात हमखास वर होतो. "पण मॅडम, जाहीरनाम्यात मालमत्तेचा हक्क आहे ना?" आहे. सतराव्या कलमात. आपल्या मूळ घटनेतही तो मूलभूत हक्क होता. पण जमीनदारी आणि खोती मोडायला निघालेल्या सरकारांना कोर्टात याच हक्काने अडवलं. म्हणून तो हळूहळू आवळत नेला गेला. १९७१ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने भरपाई या अर्थाचा शब्द काढून तिथे नुसता 'रक्कम' हा शब्द घातला, म्हणजे ती पुरेशी आहे का हे कोर्टाने बघू नये. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतूनच गेला आणि कलम ३०० अ मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून उरला. जमीनदाराकडून कुळाला जमीन मिळावी म्हणून जी भिंत पाडली, तीच भिंत पुढे कुळाला आडोशाला हवी होती. हक्कांचा इतिहास असा असतो, सरळ वर चढत जाणारा नसतो. गाइडमध्ये तो तसा दिसतो एवढंच.

शेकापचे दि. बा. पाटील या लढ्याचे नेते. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासईच्या परिसरात हजारो शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ तारखेला पोलिसांनी गोळीबार केला. ५ माणसं गेली. जासईला त्यांचं हुतात्मा स्मारक आहे आणि दरवर्षी तिथे लोक जमतात. याच लढ्याच्या रेट्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनधारकांना परत देण्याचं धोरण आलं, १९९० मध्ये. सानपाड्यात 'साडेबारा टक्के' हा आकडा लहान पोरालाही माहीत असतो. मानवी हक्कांच्या कुठल्याच पुस्तकात तो नाही.

पण या आकड्याच्याही बाहेर कुणीतरी राहिलं. योजना मुख्यतः जमीनधारकांसाठी होती. ज्याच्या नावाने जमीन, त्याला भूखंड. जो दुसऱ्याच्या शेतात राबायचा, जी बाई मिठागरात मजुरीवर मीठ ओढायची, जो खाडीत जाळं टाकायचा, त्यांचं जगणं त्याच जमिनीवर आणि पाण्यावर चालत होतं, पण सातबाऱ्यावर त्यांचं नाव कधीच नव्हतं. अशांपैकी काही गटांना पुढे थोड्या सवलती मिळाल्या, पण त्या सवलती होत्या. हक्क म्हणून नव्हत्या. वाढत्या कुटुंबांनी गावठाणालगत घरं बांधली, त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरं' असं नाव पडलं आणि वर्षानुवर्षं ती कायद्याच्या लेखी अनधिकृत राहिली.

कायद्याची भाषा बदलायला २०१३ उजाडलं. १८९४ चा कायदा जाऊन नवा भूसंपादन कायदा आला, १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात 'बाधित कुटुंब' या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. जमीन नसली तरी संपादनाच्या आधी तीन वर्षं त्या भागात राबणारे शेतमजूर, कुळं, बटाईदार, कारागीर त्यात आहेत. पाण्यावर पोट असलेले मच्छीमार आणि नावाडीही आहेत. हंसा मेहतांनी पहिल्या कलमात केलं होतं तेच इथे झालं, वाक्याचा उंबरठा रुंद झाला. सानपाड्याला मात्र त्याचा उपयोग नाही. इथलं संपादन चाळीस वर्षं आधीच उरकलं होतं.

आणि आता हक्कसोड. साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला तेव्हा अनेक घरांत वारसांची यादी निघाली, आणि त्या यादीत बहिणी होत्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, आणि केंद्राने २००५ मध्ये, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. कायदा स्पष्ट आहे. पण चवदार तळंही १९२४ मध्ये कागदावर खुलंच होतं. जिने सही केली तिच्यावर कुणी बळजबरी केली असंही नेहमी नसतं. भाऊबीज, बाळंतपण, आजारपण, म्हातारपणी टेकायला एक घर, हे सगळं तराजूच्या एका पारड्यात असतं आणि कायदा दुसऱ्या. तिचा हिशेब चुकीचा आहे असं एसी लोकलमध्ये बसून मला म्हणता येत नाही. मात्र तो हिशेब तिला करावा लागतो, तिच्या भावाला करावा लागत नाही, हे वर्गात बोलता येतं.

म्हणून मी या प्रकरणाचं प्रोजेक्ट तक्त्यावर करून घेत नाही. घरातला एक कागद शोधून आणा, म्हणते. जुना सातबारा, फेरफार, संपादनाची नोटीस, भाडेकरार, रेशनकार्ड, झोपडीचा फोटोपास, काहीही. त्यावर कुणाची नावं आहेत ते लिहा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून, त्या जागेवर राबलेल्या पण कागदावर नसलेल्या माणसांची नावं खाली लिहा. नोडमधली मुलंही आणतात. कुणाच्या फ्लॅटच्या करारावर आईचं नाव नसतं, तिचे दागिने मात्र त्यात गेलेले असतात. कुणाच्या गावाकडचं घर धरणात गेलेलं असतं.

मागच्या वर्षी एका मुलीने दोन फुलस्केप आणले. वरच्या अर्ध्या भागात तीन नावं होती: आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ. खाली अकरा नावं होती. आजीचं, दोन आत्यांचं, बांधावर राखणीला असलेल्या एका जोडप्याचं, लावणीला येणाऱ्या बायकांचं. आजीला त्यांची आडनावं आठवत नव्हती, फक्त हाका आठवत होत्या. मुलीने त्या तशाच लिहिल्या होत्या. शेवटी एक ओळ होती: 'माझ्या आईला पुढच्या महिन्यात सही करायला बोलावलं आहे. आम्ही अजून ठरवलं नाही.'

मी मार्क दिले आणि कागद परत केला. काय ठरलं ते मी विचारलं नाही. पण तिने 'आम्ही' लिहिलं होतं, आणि ठरवायचं बाकी आहे असं लिहिलं होतं. त्या घरात याआधी आत्यांनी सह्या केल्या, तेव्हा ठरवण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं.