छायाचित्रातील हस्तक्षेप

छायाचित्रातील फेरफारांचा वाद संगणकामुळे उद्भवला, ही समजूत खरी नव्हे. १८५७ साली मँचेस्टरच्या कलाप्रदर्शनात ऑस्कर रेयलँडर याने सुमारे ३० काचांवरील आकृत्या जुळवून सिद्ध केलेले एकच भव्य चित्र मांडले. व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत विकत घेतली. पुढल्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनने पाच काचांतून एका मरणासन्न मुलीचे चित्र घडविले. मुलगी प्रत्यक्षात धडधाकट होती! चित्र पाहून कित्येक जण अस्वस्थ झाले. हेच दृश्य कुंचल्याने रंगविले असते, तर बहुधा कोणी ब्रही काढला नसता. कॅमेऱ्याकडून मात्र प्रेक्षक साक्षीची अपेक्षा करतो.

२०१० साली ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत याच अपेक्षेची कसोटी लागली. एका पारितोषिकप्राप्त चित्राच्या कडा पुष्कळ छाटल्या होत्या, रंगही काढून टाकले होते, ते चालले. परंतु पार्श्वभूमीतील कोणाच्या तरी पावलाचा तुकडा पुसलेला आढळला, आणि पारितोषिक रद्द झाले. शिक्षा कठोर वाटेल. पण कडा छाटणारा पाहण्याची मर्यादा ठरवितो, पुसणारा समोरची वस्तूच नाहीशी करतो. २०१५ साली त्याच स्पर्धेत उपांत्य फेरीतील सुमारे २० टक्के चित्रे फेरफारांमुळे बाद झाली.