कपालसंधान व त्याचीं साधनें

कवटीचा कांहीं भाग आघातानें वा रोगानें नष्ट झाला, अथवा शस्त्रक्रियेंत काढावा लागला, म्हणजे तेथें नेमक्या त्याच आकाराचें दुसरें द्रव्य बसविण्याची विद्या आज बरीच पूर्णतेस पोहोंचली आहे. अशी वार्ता छापून आली कीं, हें आमच्या पूर्वजांस अवगत होतें असें म्हणून भोजप्रबंधाकडे बोट दाखविणारे लेखक हटकून पुढें येतात. त्या प्रमाणाची किंमत किती, व खरीं साधनें कोणतीं, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

भोजप्रबंधांतील कथा अशी : भोजराजाच्या मस्तकांत शफर म्हणजे लहान मासा शिरून त्यास असह्य वेदना होऊं लागतात. अश्विनीकुमार विप्रवेषानें येतात, मोहचूर्णानें राजास निश्चेष्ट करितात, कवटी उघडून मत्स्य काढतात, संधानकरणीनें ती जोडतात व संजीवनीनें त्यास शुद्धीवर आणतात. आतां बल्लाळ पंडिताचा काळ इसवी सनाचें सोळावें शतक, आणि धारेचा भोज अकराव्या शतकांतला. मध्यें पांचशें वर्षें गेलीं. ज्या ग्रंथांत कालिदास, माघ व भवभूति एकाच सभेंत बसतात, त्यास साक्षीदार म्हणून उभें करणें कोणत्याहि इतिहासज्ञास रुचणार नाहीं. शिवाय, तीं औषधींचीं नांवें रामायणाच्या युद्धकांडांत पूर्वींच येऊन गेलीं आहेत. हा ग्रंथ मीं विद्यार्थ्यांस अनेक वर्षें शिकविला व तो मला प्रियहि आहे. पण तो सुभाषितांसाठीं, शल्यतंत्रासाठीं नव्हे.

पाली महावग्गांतील जीवकाची कथा याहून पुष्कळ जुनी व संयत आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीस सात वर्षें मस्तकशूळ होता. जीवकानें त्यास मंचकास बांधून, मस्तकाची त्वचा छेदून, कवटीची शिवण फांकवून दोन कृमि काढले, शिवण मिटविली, त्वचा शिवली व लेप दिला. येथें हाड काढलेलेंच नाहीं. तेव्हां तें भरून काढण्याचा प्रश्नहि उद्भवत नाहीं.

सुश्रुत मात्र कथा सांगत नाहीं, कृति सांगतो. अस्थींचे पांच प्रकार करून तो कपालास्थि वेगळीं काढतो व तीं नळीच्या हाडाप्रमाणें मोडत नाहींत, फुटतात, असें म्हणतो. कवटी फुटली पण मस्तुलुंग बाहेर आलें नाहीं, तर मध व तूप लावून पट्टी बांधावी व सात दिवस घृतपान करवावें. डोक्यांत रुतलेलें शल्य उपटल्यावर त्या विवरांत केसांची वात ठेवावी, नाहींतर मस्तुलुंग स्रवून कुपित वायु रोग्यास मारील. आणि व्रण भरत येईल तसतसा एकेक केस हळूच काढून घ्यावा. एकेक केस! हा तपशील सभेंत बसून सुचणारा नव्हे. ज्यानें असा व्रण रोज उघडून पाहिला त्याचाच तो आहे. याला कृत्रिम कपाल म्हणतां येणार नाहीं. पण कवटीचें छिद्र बाह्य द्रव्यानें बुजविण्याविषयीं संस्कृतांतील ग्राह्य साक्ष द्यावयाची तर मी हीच देईन.

युरोपियनांच्या घरींहि हाच घोळ आहे. आम्स्टरडॅमचा शस्त्रवैद्य योब फान मेकेरेन १६६६ सालीं वारला व त्याचा ग्रंथ १६६८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत एका रशियन सरदाराची हकीकत आहे. तार्ताराच्या तलवारीनें त्याच्या कवटीचा तुकडा उडाला. वैद्यानें कुत्र्याच्या कवटीचा तुकडा त्या मापानें घडवून तेथें बसविला व जखम भरली. परंतु ख्रिस्ती मस्तकांत श्वानास्थि राहणें धर्मसत्तेस न खपून त्यास बहिष्कार पडला. अस्थिरोपणाचा हा पहिला दाखला म्हणून सर्वत्र उद्धृत होतो. पण मेकेरेननें यांतलें कांहींच पाहिलें नव्हतें. त्यास हें एका धर्मोपदेशकानें सांगितलें, व त्या धर्मोपदेशकास मॉस्कोंतील एका मिशनऱ्याच्या पत्रावरून कळलें होतें. म्हणजे साक्ष तिसऱ्या हातची. पुढें पाठभेदहि झाला : कोणी लिहितात कीं, सरदारानें तें हाड काढवून प्रायश्चित्त उरकलें, कोणी लिहितात कीं, तें इतकें एकजीव झालें होतें कीं निघेचना. जो पाठ अधिक चमत्कृतिजनक तो मागाहूनचा समजावा, ही पोथ्यांची कसोटी येथेंहि लागू करावी. तथापि भोजकथेपेक्षां ही वार्ता वरचढ आहे, कारण ती कोणाकडून कोणाकडे आली हें तरी सांगितलेलें आहे.

मापानें घडविण्याचा मुद्दा निघाला म्हणून पुण्याचा एक कागदोपत्रीं दाखला नोंदवितों. तो नाकाचा आहे, कवटीचा नव्हे. ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांतील पत्रांत कावसजी नांवाच्या मराठा गाडीवानाची हकीकत आहे. तो १७९२ च्या युद्धांत इंग्रज सैन्याबरोबर असतां टिपूच्या हातीं सांपडला व नाक आणि एक हात गमावून परतला. पुण्यानजीकच्या एका विटा करणाऱ्या जातीच्या मनुष्यानें नाकाच्या थोटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून आकार घेतला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोंवतीं रेघ मारली व तेवढीच त्वचा, भुवयांमधील दुवा राखून, सोडवून खालीं फिरविली. मुंबईचे दोन इंग्रज वैद्य ही क्रिया पाहण्यास हजर होते. शस्त्रक्रिया करणाऱ्याचें नांव मात्र पत्रांत नाहीं.

कवटीच्या बाबतींत मापाची हीच युक्ति फार उशिरा आली. मॅक्यूएननें १८८५ मध्यें रोग्याचेच अस्थिखंड परत बसविले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत छिद्राचा ठसा घेऊन, प्लास्टरच्या प्रतिकृतीवर टँटलमचा पत्रा ठोकीत किंवा दंतवैद्याच्या रीतीनें ॲक्रिलिक ओतीत. टँटलम उन्हांत तापे. १९७१ मध्यें हौन्सफील्डच्या यंत्रानें मस्तकाचे छेदचित्र प्रथम घेतलें गेलें, आणि त्यानंतर ठशाची जागा गणकयंत्रानें घेतली : उजवी बाजू गेली असल्यास डाव्या बाजूचें प्रतिबिंब पाडून आकार ठरवितात व टायटॅनियममध्यें किंवा प्लास्टिकमध्यें घडवितात. थरांवर थर छापून केलेल्या अशा कपालखंडास अमेरिकेंत २०१३ सालीं मान्यता मिळाली. तरीहि रोग्याचें स्वतःचें हाड शाबूत असेल तर तें गोठवून, किंवा त्याच्याच पोटाच्या त्वचेखालीं ठेवून, मागाहून परत बसविण्याची रीत सुटलेली नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं भोजप्रबंधाच्या जुन्या हस्तलिखित प्रती आहेत त्यांनीं शफरप्रसंग आपल्या प्रतींत आहे काय, व औषधींचीं नांवें तींच आहेत काय, हें पडताळून मंडळाकडे कळवावें. तसेंच पेशवाईअखेरच्या पुणे प्रांतांतील खासगी दप्तरांत नाक बसविणाऱ्यास दिलेल्या बिदागीची एखादी नोंद आढळल्यास, ती कितीहि त्रोटक असली तरी, तिची नक्कल पाठवावी.