बाजारबुणग्यांनी वसवलेली शहरं

आजच्या भागात लढाई आहे, पण थोडीच. आज मला बोलायचं आहे ते हॉटेलांबद्दल आणि त्यांच्या भोवती उभ्या राहणाऱ्या वस्त्यांबद्दल. एका निवृत्त फौजी माणसाने हॉटेलांवर काय बोलावं, असं वाटेल. पण फौज पोटावर चालते आणि फौजेच्या पोटामागे बाजार चालतो. हिंदुस्थानातली कितीतरी शहरं या बाजारातून जन्माला आली. तेव्हा विषय आपल्या मालिकेच्या बाहेरचा नाही.

सुरुवात बगरूपासून करू. जयपूरहून अजमेरच्या रस्त्याला लागलात की तीसेक किलोमीटरवर हे गाव येतं. बायका चटकन ओळखतील, कारण बगरूचे ठशांचे कापड आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत हमखास असतं. लाकडी ठसे, चिखलाचा दाबू, काळा आणि तांबडा रंग. पिढ्यान् पिढ्या छिपा समाज हे काम करत आला आहे. आता गावाजवळून सहापदरी महामार्ग जातो, आजूबाजूला कारखाने आले आहेत, जयपूर शहर या बाजूने पसरत चाललं आहे. महामार्गावर ढाबे आणि हॉटेलं आहेत. विकास झाला असं म्हणायला एवढं पुरतं का, हा आजचा प्रश्न.

पण मराठी माणसाचं बगरूशी नातं कापडाच्या आधीचं आहे. सवाई जयसिंह १७४३ मध्ये वारले. मग थोरला मुलगा ईश्वरीसिंह आणि धाकटा माधोसिंह यांच्यात गादीचं भांडण लागलं. मल्हारराव होळकर माधोसिंहाच्या बाजूने उतरले. ऑगस्ट १७४८ मध्ये, भर पावसात, याच बगरूजवळ गाठ पडली. ईश्वरीसिंहाच्या बाजूने भरतपूरचा सूरजमल जाट लढला. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड आपल्या फौजेत होते. शेवटी ईश्वरीसिंहाला तह करावा लागला. माधोसिंहाला पाच परगणे आणि बूंदीची गादी उमेदसिंहाला, असं ठरलं. शिवाय मराठ्यांना पैसा द्यायचा होताच.

लढाई एवढीच. आता फौजी डोळ्यांनी बघा. हजारोंची फौज, तितकेच किंवा त्याहून जास्त बाजारातले लोक, घोडे, बैल, उंट. हे सगळे बगरूच्या परिसरात खात होते. तरी तिथे आपल्या नावाची एखादी पेठ उभी राहिली का? नाही. आपण आलो, खाल्लं आणि कूच केलं. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ते गिऱ्हाईक नव्हतं, टोळधाड होती.

याची किंमत पुढे मोजावी लागली. ठरलेला पैसा मिळाला नाही म्हणून मल्हारराव पुन्हा जयपूरवर चालून आले, तेव्हा डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली. माधोसिंह गादीवर आला. होळकर आणि जयाप्पा शिंदे यांच्या फौजा शहराबाहेर तळ ठोकून होत्या. १० जानेवारी १७५१ रोजी आपली बरीच माणसं शहरात गेली. कशाला? देवदर्शनाला, नवं शहर बघायला, बाजारहाट करायला. जयपूर तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचं होतं. सरळ रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना एकसारखी दुकानं. बघण्यासारखंच होतं ते. त्या दिवशी शहराचे दरवाजे बंद झाले आणि लोक या पाहुण्यांवर तुटून पडले. मोठी कत्तल झाली.

आपल्या इतिहासात या घटनेचा उल्लेख दगा म्हणून येतो. दगा होताच, नि:शस्त्र माणसांना आणि बायकांना मारणं याला दुसरा शब्द नाही. पण जयपूरच्या लोकांच्या बाजूनेही एकदा बघायला हवं. आपली माणसं त्या दिवशी हातात पैसे घेऊन गिऱ्हाईक म्हणून गेली होती. दुकानदाराला मात्र त्यांच्यात खंडणी मागणारेच दिसले. जो वर्षानुवर्षं फुकट खाऊन जातो, त्याने एक दिवस पैसे देऊ केले म्हणून तो शेजारी होत नाही.

आता साठ वर्षं पुढे या. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांची फौज याच राजपुतान्यात, जयपूरच्या मुलखात फिरत होती. त्या छावणीत थॉमस ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याने लिहिलेली पत्रं १८१३ मध्ये पुस्तकरूपाने आली. तळ कसा पडायचा ते त्याने नीट लिहून ठेवलं आहे. सगळ्यांत पुढे जायचा तो बिनीवाला. आपण आजही ‘बिनीचा शिलेदार’ म्हणतो, ती ही बिनी. तो जागा पाहून पांढरं निशाण रोवायचा, तिथे महाराजांचा डेरा. मग प्रत्येक बाजाराचं निशाण आपापल्या ठरलेल्या जागी लागायचं. दुकानांच्या दोन समांतर रांगा, मधून एक लांबच लांब रस्ता, तळाच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत. मुक्काम बदलला तरी नकाशा तोच. म्हणजे सकाळी मोडायचं आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा उभं करायचं, असं चालतं-फिरतं शहरच होतं ते.

या शहराचे रहिवासी कोण? वाणी, हलवाई, भडभुंजे, तांबोळी, कलाल, शिंपी, लोहार. यांना आपण नाव काय दिलं? बाजारबुणगे. आज मराठीत हा शब्द शिवी म्हणून वापरतात. बिनकामाची, गर्दी करणारी माणसं. पानिपतचा विषय निघाला की पराभवाचा अर्धा दोष त्यांच्याच माथी मारला जातो. लढाईच्या दृष्टीने ते ओझं होतं, हे मी फौजी म्हणून मान्य करतो. पण पुढे काय झालं ते बघा.

१८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ ठोकला आणि तो तळ पुन्हा उठलाच नाही. तंबूंच्या जागी भिंती आल्या. त्या शहराचं नावच पडलं लष्कर. ग्वाल्हेरला गेलात तर मोहल्ल्यांची नावं विचारा. कंपू, म्हणजे कॅम्प. जिन्सी नाला, म्हणजे तोफखान्याची जागा. शिंदे की छावणी. पाटणकर बाजार. फालका बाजार. नावं सरदारांची आणि पलटणींची आहेत, पण वस्ती टिकवली ती बाजारबुणग्यांनी. सरदार वाड्यात जेवत होता. शहराला रोज सकाळी गरम जिलबी, दुपारी पीठ आणि रात्री पान पुरवणारा हा दुसराच माणूस होता.

बगरूला आणि लष्कराला फौज एकाच जातीची. मग फरक कशाने पडला? थांबण्याने. एका जागी कायम राहायचं ठरलं की भोवतालचं शेत दरवर्षी लुटता येत नाही, कारण पुढच्या वर्षी तिथूनच दाणा हवा असतो. मग खाणारा पैसे मोजतो, उधारी ठेवतो, ती फेडतो. हलवाई त्याला नावाने ओळखू लागतो. आणि तिथे पेठ होते.

आपल्या पुण्यात तेच झालं. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांची छावणी पडली. आजही जुने पुणेकर त्या भागाला लष्करच म्हणतात. छावणीमागून पारशी, बोहरी, मारवाडी, तमिळ दुकानदार आले. दोराबजींचं हॉटेल १८७८ चं. कयानी बेकरी १९५५ ची. पलीकडे डेक्कनच्या कोपऱ्यावर १९३५ मध्ये इराण्याचं गुडलक आलं आणि चौकालाच त्याचं नाव पडलं. त्याच वर्षी लक्ष्मी रस्त्यावर सिनेमावाले नानासाहेब सरपोतदार यांनी पूना गेस्ट हाउस काढलं. ग्वाल्हेरला बाजाराला सरदाराचं नाव, पुण्यात चौकाला हॉटेलाचं.

पण पैसे मोजणं आणि थांबणं, एवढ्याने भागत नाही. तिसरी गोष्टही लागते, ती म्हणजे शेजारी बसण्याची मोकळीक. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला, एवढ्यावरून शहरात वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताचा विषय चुकला नाही. विद्वान ब्राह्मणांची ही कथा, तर दलितांना कपबशी बाहेर ठेवलेली असे किंवा दारातच थांबावं लागे, यात नवल नाही. म्हणूनच १९५० ला राज्यघटना आली तेव्हा पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला. एखाद्या देशाच्या घटनेत हॉटेलाचं नाव यावं, यावरून समजा की आपल्याकडे हॉटेल ही काय चीज आहे. एका बाकावर अनोळखी माणसाशेजारी बसून चहा प्यायला जिथे शिकलो, ती आपली खरी शाळा.

आता पुन्हा बगरूला या. महामार्गावरच्या हॉटेलात ट्रकवाला थांबतो, वीस मिनिटांत जेवतो आणि निघतो. तो पैसे देतो, १७४८ च्या फौजेसारखा लुटत नाही, हे चांगलंच. पण थांबत तोही नाही. ठशांचं काम बघायला येणारा पाहुणा सकाळी जयपूरहून येतो आणि संध्याकाळी परत जाऊ शकतो. अंतरच तेवढं आहे. त्याचं रात्रीचं जेवण जयपूरला, मिर्झा इस्माईल रस्त्यासारख्या ठिकाणी. तो रस्ता बघा, जुन्या तटाबाहेर आहे. १९४९ मध्ये तिथे नीरोज रेस्टॉरंट सुरू झालं. लोकांना संध्याकाळी पायी फिरता येईल, बसता येईल असा रस्ता मिळाला, म्हणून शहर तटाबाहेर येऊन रमलं.

बगरूसारख्या गावाचा कारभार ज्यांच्या हाती आहे, त्यांनी म्हणून हॉटेलांचे फलक मोजू नयेत. तीन गोष्टी विचाराव्यात. कारखान्यातल्या परगावच्या मजुराला महिन्याच्या हिशेबाने जेवण देणारी खाणावळ गावात आहे का? महामार्ग न ओलांडता म्हाताऱ्या माणसाला चहाच्या टपरीपर्यंत पायी जाता येतं का? आणि छिपा कारागीर, मजूर, बाहेरचा व्यापारी हे तिघं एका बाकावर बसतात, अशी एखादी जागा आहे का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर हॉटेलं कमी असली तरी गाव वाढतंय. ‘नाही’ असेल तर रोषणाई कितीही असो, तो नुसता पडाव आहे.

आणि हे फक्त राजस्थानसाठी नाही. बगरूजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुढे मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर असा येतो. प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न उभा आहे. गावातली जुनी खाणावळ बंद पडते आणि वळणरस्त्यावर झगमगीत हॉटेल उघडतं, तेव्हा आपण त्याला प्रगती म्हणतो.

इतिहास आपल्याला पराक्रमाच्या जागा दाखवतो. त्या बघाव्यात, मान तुकवावी. पण जिथे आपण लढलो तिथे आपलं नाव एका तारखेपुरतं उरलं, आणि जिथे पैसे मोजून, शेजार धरून राहिलो तिथे ते बाजारांना आणि मोहल्ल्यांना चिकटून राहिलं. पुढच्या वेळी कुणाला बाजारबुणगा म्हणण्याआधी एवढं आठवा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.