धोकादायक माल वाहतूक : चालकाचे प्रशिक्षण व परीक्षा

स्फोटक, ज्वलनशील, विषारी, दाहक किंवा किरणोत्सर्गी माल नेणाऱ्या वाहनाच्या चालकाला व्यावसायिक लायसन्सवर घ्यावी लागणारी वेगळी नोंद, आणि ती मिळवण्यासाठी पूर्ण करावयाचा अभ्यासक्रम. टँकरच्या धंद्यात या नोंदीला ‘हझार्डस’ एवढेच म्हणतात. तुर्भे–माहुलच्या तेल डेपोंतून निघणारे पेट्रोल-डिझेलचे टँकर, उरणहून स्वयंपाकाचा गॅस नेणारे टँकर, तसेच तारापूर, पाताळगंगा, रोहा, महाड व लोटे येथील रासायनिक वसाहतींचा माल वाहणारी वाहने यांच्या चालकांना ही नोंद लागते.

कायदेशीर आधार. मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हे या विषयाचे मुख्य आधार होत. नियम ९ प्रमाणे अशा चालकाला परिवहन वाहनाच्या लायसन्सखेरीज दोन गोष्टी लागतात. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील किमान एक भाषा व इंग्रजी त्याला लिहिता-वाचता यावी. आणि राज्य शासनाने मान्यता दिलेल्या संस्थेत तीन दिवसांचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र त्याच्याजवळ असावे. या प्रमाणपत्राच्या आधारे परवाना प्राधिकारी लायसन्सवर नोंद करतो. त्यासाठी आरटीओने स्वतंत्र लेखी परीक्षा घ्यावी, असे नियम ९ सांगत नाही. चालकाची पारख त्यामुळे जवळजवळ पूर्णपणे प्रशिक्षण संस्थेवर सोपवलेली आहे. संस्थेची चाचणी किती कसून होते, यावर रस्त्याकडेच्या गावांची सुरक्षितता अवलंबून असते, हे या व्यवस्थेचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण मानावे लागेल.

अशा लायसन्सची मुदत पूर्वी एक वर्ष होती आणि नूतनीकरणापूर्वी एका दिवसाचा उजळणी वर्ग करावा लागे. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत तीन वर्षांची झाली. मुदतवाढीने चालकांच्या खेपा वाचल्या; मात्र उजळणीतील अंतर वाढणे हिताचे की अहिताचे, याबद्दल एकमत नाही. इंग्रजीची अट प्रत्यक्षात किती काटेकोरपणे पाहावी, याविषयीही मतभेद आहेत. धोकादायक मालासंबंधीच्या तरतुदींचा भंग केल्यास अधिनियमाच्या कलम १९०(३) खाली दंड व कारावासाची तरतूद आहे.

अभ्यासक्रम. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्या दोन दिवसांत सावध वाहनचालन व प्रगत चालनकौशल्य, तर तिसऱ्या दिवशी मालाची सुरक्षितता शिकवली जाते. सावध चालनात अपघातांची कारणे, चालकाची शारीरिक क्षमता, थांबण्याचे अंतर, रेल्वे फाटक, पाऊस व धुके, समोरासमोरची व मागून होणारी धडक, रात्रीचे चालन हे विषय येतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर सुमारे चौपट होते, हा नियम चालकाच्या अंगवळणी पडला पाहिजे. प्रगत कौशल्यात गाडी सुरू करण्यापूर्वीची तपासणी, योग्य गिअर, उतारावरील नियंत्रण, थांबण्यासाठी सुरक्षित जागेची निवड, थांबल्यावर चाकांना गुटके लावणे व गाडी एकटी न सोडणे हे भाग आहेत. प्रत्यक्ष चालनाचा सराव एका वेळी एकाच चालकाला द्यावा, असे अभ्यासक्रमात म्हटले आहे.

टँकरमधील द्रवाच्या हालचालीकडे खास लक्ष द्यावे लागते. अर्धवट भरलेल्या टाकीत द्रव पुढे-मागे आणि आडवा हेलकावतो. आतील अडथळे पुढे-मागे येणारी लाट मोडतात, आडवी हालचाल मात्र पुरती थोपवू शकत नाहीत. वळणावर द्रव बाहेरच्या बाजूला जातो, वजनाचा मध्य सरकतो आणि गाडी उलटते. खंडाळ्याच्या घाटात उतरताना वेग वळणापूर्वीच कमी करून खालच्या गिअरमध्ये उतरावे. वळणात शिरल्यावर दाबलेला ब्रेक उशिराचा ठरतो.

मालाची सुरक्षितता. तीन दिवसांपैकी एकच दिवस या भागाला मिळतो. वास्तविक साध्या ट्रकचालकाला ठाऊक नसलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट याच भागात आहे : संयुक्त राष्ट्रांचे वर्गीकरण, हॅझकेम संकेत, विषारीपणा व ज्वलनशीलता, ट्रेम कार्ड, तापमान-दाब-पातळी यांचे महत्त्व, स्फोटमर्यादा, झडपांची माहिती, गळती आटोक्यात आणणे, संरक्षक साधने, अग्निशमन, प्रथमोपचार, तसेच विहिरी, नद्या व तलाव यांचे रक्षण. परीक्षेची तयारी करणाऱ्याने आपला बहुतेक वेळ येथे द्यावा.

मालाचे नऊ वर्ग असे : (१) स्फोटके, (२) वायू, (३) ज्वलनशील द्रव, (४) ज्वलनशील घन, (५) ऑक्सिडीकारक व सेंद्रिय पेरॉक्साइडे, (६) विषारी व संसर्गजन्य, (७) किरणोत्सर्गी, (८) दाहक, (९) इतर. वर्गाबरोबर प्रत्येक पदार्थाला चार अंकी क्रमांक असतो : पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, द्रवरूप पेट्रोलियम वायू १०७५, क्लोरीन १०१७, निर्जल अमोनिया १००५, सल्फ्यूरिक आम्ल १८३०. चालकाने हे सर्व पाठ करण्याची गरज नाही. आपण नेहमी नेतो त्या मालाचा क्रमांक मात्र झोपेतून उठवले तरी सांगता आला पाहिजे, कारण अपघातानंतर अग्निशमन दलाला फोनवर तो सांगावा लागतो.

आपत्कालीन माहितीफलक. नियम १३४ प्रमाणे टँकरच्या दोन्ही बाजूंना व मागे हा फलक हवा. त्यावर मालाचे अचूक नाव, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक, वर्गाचे चिन्ह, आपत्कालीन सेवेचा आणि तज्ज्ञ सल्ला देऊ शकणाऱ्या व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक असतो. नावाची अक्षरे किमान ५० मिमी. व क्रमांकाचे अंक किमान १०० मिमी. उंच असावेत, दुरून, धुरातून, गाडीजवळ न जाता वाचता यावेत हा त्यामागचा हेतू. फलक चिखलाने माखलेला असला किंवा आधीच्या मालाचाच राहिला असला, तर मदतीला आलेले लोक चुकीची साधने घेऊन पुढे जातात. गाडी काढण्यापूर्वी फलक पुसणे व मालाच्या कागदाशी पडताळणे हे टायर तपासण्याइतकेच आवश्यक काम आहे.

हॅझकेम संकेत हा फलकावरचा सर्वांत उपयोगी व चालकांना सर्वांत कमी समजणारा भाग. हा संकेत मूळचा ब्रिटनमधील, अग्निशमन दलासाठी तयार झालेला. त्यात एक अंक व एक अक्षर असते. काही वेळा पुढे ‘ई’ येतो. अंक कशाने विझवावे हे सांगतो : १ पाण्याचा जाड फवारा, २ बारीक फवारा, ३ फेस, ४ कोरडे द्रव्य. अक्षरांचे दोन गट आहेत. पी, आर, एस, टी असल्यास सांडलेला माल भरपूर पाण्याने पातळ करता येतो. डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असल्यास तो अडवून ठेवायचा, गटारात वा ओढ्यात जाऊ द्यायचा नाही. पी, एस, डब्ल्यू, वाय ही अक्षरे हिंसक अभिक्रियेचा किंवा स्फोटाचा धोकाही दाखवतात. कोणती संरक्षक साधने घालायची, तेही अक्षरच सांगते. ‘ई’ म्हणजे परिसरातील लोक हलवण्याचा विचार लगेच करावा.

पेट्रोलचा ‘३ वाय ई’ हा संकेत या पद्धतीने उलगडतो : फेस वापरा, माल अडवा, स्फोटाचा धोका आहे, श्वसनयंत्र लावा, माणसे हलवा. पेट्रोल पाण्यावर तरंगते; पाण्याचा झोत मारला की जळते पेट्रोल पसरते, म्हणून फेस. क्लोरीनच्या ‘२ एक्स ई’मध्ये बारीक फवारा व अंगभर रासायनिक पोशाख आहे. संहत सल्फ्यूरिक आम्लाचा ‘२ पी’ पातळ करण्याची मुभा देतो, पण ती प्रशिक्षित पथकाला. या आम्लावर थोडे पाणी पडले तर ते उसळते. बादलीभर पाणी ओतून रस्ता धुण्याचा प्रयत्न चालकाने किंवा क्लीनरने करू नये. महाड व लोटे परिसरात तर सांडलेला माल सावित्री किंवा वाशिष्ठीच्या पात्राकडे जाऊ न देणे हेच पहिले कर्तव्य. तेथे पातळ करण्यापेक्षा मातीचा बांध घालून अडवणे बरे.

ट्रेम कार्ड. वाहतुकीतील आपत्कालीन सूचनांचे लेखी पत्रक. नियम १३३ प्रमाणे ते चालकाच्या केबिनमध्ये सतत हाताशी हवे. मालाचे स्वरूप, धोका, लागणारी साधने, गळती, आग व प्रथमोपचार यांविषयीच्या सूचना त्यात असतात. माल पाठवणाऱ्याने ही माहिती मालकाला द्यावी व मालकाने ती चालकाला समजली असल्याची खात्री करावी, असे नियम १३१, १३२ व १३५ सांगतात. केवळ इंग्रजीत छापलेले कार्ड डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून राहिले, तर नियमाची पूर्तता कागदावरच राहते. चालकाच्या भाषेत ते त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेणे, ही तयारीची प्रस्तुत लेखकाला ठाऊक असलेली सर्वांत परिणामकारक रीत आहे.

अपघातांवरून अभ्यास. अभ्यासक्रमात चित्रफिती व चर्चा अपेक्षित आहेत. २७ ऑगस्ट २०१२ रोजी केरळात कण्णूरजवळ चाला येथे गॅसचा टँकर उलटून लागलेल्या आगीत सुमारे वीस माणसे दगावली. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो व घरातील चुलीपर्यंत पोहोचतो; त्यामुळे गळती होताच वाऱ्याच्या उलट दिशेला, उंच जागेकडे लोकांना नेणे आणि कोणालाही गाडी चालू करू न देणे आवश्यक असते. १३ जून २०२३ रोजी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ रसायनाचा टँकर पेटला. जळता द्रव पुलावरून खालच्या रस्त्यावर पडला आणि मृतांमध्ये खालून जाणारेही होते. २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूरजवळ भांकरोटा येथे वळण घेणाऱ्या गॅस टँकरला ट्रकची धडक बसून झडपा तुटल्या व मोठा भडका उडाला. उतार, पूल आणि वळण ही तिन्ही ठिकाणे चालकाने आपल्या नेहमीच्या मार्गावर आधीच हेरून ठेवावीत.

अपघात झाल्यास चालकाने जवळच्या पोलीस ठाण्याला व मालकाला ताबडतोब कळवावे (नियम १३६). आपत्कालीन क्रमांक ११२. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३.

संस्था. राष्ट्रीय सुरक्षा परिषद (स्थापना १९६६, मुख्यालय नवी मुंबई) रासायनिक सुरक्षिततेचे प्रशिक्षण देते. पेट्रोलियम टँकर व दाबपात्रे यांना मान्यता देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. या क्षेत्रातील आणखी एक संस्था म्हणजे भोसरीची केंद्रीय मार्ग परिवहन संस्था (१९६७).

इतर देश. अमेरिकेत व्यावसायिक लायसन्सवर ‘एच’ नोंद मिळते. तेथे राज्य शासन लेखी परीक्षा घेते. बहुतेक राज्यांत ३० प्रश्न असतात व ८० टक्के गुण लागतात. बोटांचे ठसे व सुरक्षा पडताळणी होते, तसेच ७ फेब्रुवारी २०२२ पासून प्रथम अर्जदाराला मान्य प्रशिक्षकाकडे तात्त्विक भाग पूर्ण करावा लागतो. युरोपात १९५७ च्या जिनीव्हा कराराखालील प्रमाणपत्र पाच वर्षांचे असून टँकर, स्फोटके व किरणोत्सर्गी माल यांसाठी वेगळे वर्ग आहेत. भारतीय अभ्यासक्रमात टँकरचालकासाठी असा वेगळा भाग नाही.

स्फोटके व किरणोत्सर्गी पदार्थ. स्वतंत्र नियम लागू. किरणोत्सर्गी मालासाठी मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळ सक्षम प्राधिकरण.