भोसरीतल्या पणजोबांचा शोध: खानेसुमारीने मोजले, पण नाव ठेवले नाही

१/ श्राद्धाच्या वेळी तीन पिढ्यांची नावे घ्यावी लागतात: वडील, आजोबा, पणजोबा. त्यापुढचे नाव विचारले की बहुतेक घरांत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. भोसरीसारख्या गावात हा प्रश्न आता केवळ श्रद्धेचा राहिलेला नाही. जातवैधता, वारसनोंद, भूसंपादनाचा मोबदला अशा अनेक कामांसाठी पूर्वजांचे नाव कागदावर दाखवावे लागते. हे कागद कोठे आहेत, ते कोणी आणि कशासाठी लिहिले, त्यांत कोणाचे नाव आले आणि कोणाचे राहिले, याचा हा इतिहास. (धागा)

२/ पुणे-नाशिक रस्त्यावरची भोसरी प्राचीन आहे. महापाषाणकालीन दगडी अवशेषांमुळे ती पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे येथील शेतजमिनींवर कारखाने उभे राहिले. तेव्हापासून भोसरीत दोन प्रकारची घरे आहेत. एक, पिढ्यान्‌पिढ्या गावात राहिलेल्या जमीनधारकांची. दुसरे, मराठवाडा, सोलापूर, नगर, विदर्भ येथून कामासाठी आलेल्यांची. पूर्वजांचा शोध या दोन घरांसाठी सारखा नाही.

३/ शोधाला निघालेला माणूस आज प्रथम इंटरनेटकडे वळतो. तेथे त्याला दिसते, की अमेरिकेत जनगणनेच्या घरोघरच्या याद्या ७२ वर्षांनी खुल्या होतात. १९५० ची जनगणना १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. इंग्लंडमधील १९२१ च्या याद्याही त्याच वर्षी जानेवारीत उपलब्ध झाल्या. तेथील माणूस नाव टाकतो आणि आजोबांचे घर, वय, व्यवसाय, भावंडे एका पानावर पाहतो. मग भोसरीची १८८१ ची यादी कोठे आहे?

४/ ती नाही. भारतात पहिली खानेसुमारी १८७२ च्या सुमारास झाली आणि एकाच वेळी सर्वत्र घेतलेली पहिली गणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. प्रगणक दारोदार गेले, माणसे लिहून घेतली. पण सरकारला हवे होते ते आकडे: किती पुरुष, किती स्त्रिया, कोणत्या धर्माचे, कोणत्या जातीचे, कोणत्या धंद्यातले. कोष्टके छापली गेली आणि मूळ नावांचे कागद सर्वसाधारणपणे जपले गेले नाहीत. पणजोबा मोजले गेले. त्यांचे नाव मात्र रद्दीत गेले.

५/ स्वातंत्र्यानंतर हे दार कायद्यानेच बंद झाले. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ नुसार जनगणनेत दिलेली व्यक्तिगत माहिती कोणालाही तपासता येत नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही ती सर्वसाधारणपणे चालत नाही. लोकांनी निर्भयपणे खरे सांगावे, हा त्यामागचा हेतू. म्हणून ‘जनगणनेतून वंशावळ’ हा परदेशी मार्ग येथे चालत नाही.

६/ एक अपवाद आहे आणि तो फारसा कोणाला माहीत नसतो. १९५१ च्या जनगणनेबरोबर गावोगाव नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर लिहिले गेले. त्यात घरातील माणसे नावानिशी होती. आसाममध्ये ते पुढे राजकारणाच्या केंद्रस्थानी आले. महाराष्ट्रात मात्र ते तहसिलांच्या दप्तरखान्यांत पडून राहिले. जेथे ते टिकले आहे, तेथे एका गावाची स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातील घरवार यादी हाती येते.

७/ मग जुनी नावे आहेत कोठे? जेथे सरकारला त्या विशिष्ट माणसाकडून काही हवे होते, तेथे. सर्वांत आधी अर्थातच शेतसारा. इंग्रजी राजवटीतील जमीन मोजणी १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्याच इंदापूर तालुक्यापासून आकाराला आली. सर्व्हे नंबर पडले आणि प्रत्येक नंबरासमोर सारा भरणाऱ्याचे नाव आले. पुढे १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली आणि फेरफाराची नोंदवही जन्माला आली.

८/ वंशावळीच्या दृष्टीने सातबाऱ्यापेक्षा फेरफार महत्त्वाचा. सातबारा आजचा मालक सांगतो. तो मालक कसा झाला, हे फेरफार सांगतो. खातेदार मेला, की वारसांची नावे, त्यांचे नाते, अज्ञान मुलांचा पालक, वाटणीतील हिस्से, हे सर्व तलाठी त्यात लिहितो. सातबाऱ्यावरील फेरफार क्रमांक धरून एकेक नोंद मागे गेल्यास विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांपर्यंत पोहोचता येते. तेथून पुढे शेतवार पत्रक, हक्क नोंदणी पत्रक अशा भूमी अभिलेखांकडे वळावे लागते.

९/ जुन्या नोंदींत आडनाव क्वचित असते. ‘रामजी बिन बाळोजी’ म्हणजे बाळोजीचा मुलगा रामजी. मराठवाड्यात ‘बिन’ऐवजी ‘वलद’. विवाहित स्त्री ‘काशी कोम रामजी’. त्यात आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत. त्यामुळे रामजी बिन बाळोजी, मग बाळोजी बिन रामजी, मग पुन्हा रामजी बिन बाळोजी अशी साखळी होते. ऑनलाइन वंशवृक्षांत सर्वाधिक चुका येथेच होतात: साठ वर्षांचे अंतर असलेली दोन माणसे एक ठरतात आणि मधली पिढी गळून पडते.

१०/ यावर उपाय म्हणजे काळ तपासणे, पण काळही एका मापाने लिहिलेला नसतो. शुहूर सनात ५९९ किंवा ६००, फसली सनात ५९० किंवा ५९१ आणि शालिवाहन शकात ७८ किंवा ७९ मिळवले, की इसवी सन येतो. अक्षर मोडी, निजामाच्या मुलखात उर्दूही. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात मोडी कागदांची संख्या कोटींत आहे. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागद ४५ खंडांत छापले, पण गावपातळीवरचे हिशेब आजही मोडी वाचणाऱ्याची वाट पाहतात.

११/ ज्याच्याकडे जमीन नव्हती, त्याचे काय? त्याच्यासाठी पहिला आधार गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचे रजिस्टर. काही भागांत त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. त्यात जमीनधारक आणि भूमिहीन दोघेही येतात. पण जन्माच्या रकान्यात बाळाचे नाव बहुधा नसते. असते ते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बापाचे नाव आणि जात. आपल्या आजोबांचा जन्म शोधणाऱ्याने म्हणून पणजोबांचे नाव शोधायचे असते. दुसरा आधार शाळेचे जनरल रजिस्टर, तिसरा वतनाच्या नोंदी. महार वतने १९५८ च्या कायद्याने संपली. तोवर त्या नोंदींनी अनेक दलित कुटुंबांची नावे वाहून आणली.

१२/ भोसरीपुरता एक दुवा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा नवा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. म्हणजे एकाच वसंतात गावही बदलले आणि नोंदवहीही. त्यानंतरचे जन्म पालिकेच्या दप्तरात, आधीचे गावाच्या जुन्या महसुली दप्तरात. महापालिकेत नोंद सापडत नाही म्हणून परतणारा माणूस अनेकदा केवळ चुकीच्या दारात उभा असतो.

१३/ आता दुसऱ्या भोसरीकडे. १९७२ च्या दुष्काळानंतर किंवा पुढे नोकरीसाठी आलेल्या कुटुंबाचा मुलगा येथे जन्मला, येथे शिकला. त्याच्या जातीच्या दाखल्यासाठी मात्र कुटुंबाचे वास्तव्य ठरावीक तारखेपूर्वीचे दाखवावे लागते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तिन्ही तारखांना त्याचे घराणे भोसरीत नव्हते. प्रवेशाच्या दिवसांत वडील सुट्टी टाकून मूळ गावी जातात, ते आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मिळवण्यासाठी. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर चुलत आजोबांचा शोध सुरू होतो.

१४/ हा घरगुती शोध २०२३ मध्ये राज्यव्यापी झाला. मराठवाड्यातील मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि पुढे तिचे काम राज्यभर विस्तारले. तपासायच्या कागदांची यादी एखाद्या इतिहासकाराला हेवा वाटावा अशी होती: खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चे राष्ट्रीय रजिस्टर, गाव नमुना १४, शाळांची रजिस्टरे, खरेदीखते, दत्तकपत्रे. इतकेच नव्हे, तर ताडी नोंदवही, कच्च्या कैद्यांची नोंदवही आणि पोलिसांची गुन्हे रजिस्टरेही. माणसाने सारा भरला, जमीन विकली, ताडीचा परवाना घेतला किंवा तुरुंगात गेला, तर त्याचे नाव राहिले.

१५/ सापडलेली पाने स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवण्यात आली. पण मोडीतील पान पडद्यावर दिसणे आणि त्यातले नाव आपले आहे हे सिद्ध होणे, यांत वंशावळीचा पूल लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरवरून वाद पेटला, तेव्हाही मुद्दा हाच होता: त्यात कोणत्या भागात कोणत्या जातीचे किती लोक, हे आहे, कोण, हे नाही. खानेसुमारीचा जुना स्वभाव दीडशे वर्षांनी पुन्हा आडवा आला.

१६/ सरकारबाहेरही नावे जपली गेली. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूने स्वतःचे, बापाचे, भावांचे, मुलांचे नाव लिहून ठेवायचे असते. मूळ गाव आणि आडनाव सांगितले, की उपाध्याय योग्य वही काढतो. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घरोघर येऊन वंशावळ वाचतात. हरिद्वारच्या अशाच वह्यांचे अमेरिकेतील युटाच्या वंशावळ संस्थेने सूक्ष्मचित्रण केले आणि त्या नोंदी आता फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर पाहता येतात. मात्र या वह्या यात्रेला जाणे परवडणाऱ्यांच्या आणि ज्यांना देवळाचे दार उघडे होते त्यांच्याच आहेत.

१७/ सर्वांत विरळ आहेत त्या बायका. पणजीचे नाव फेरफारात येते ते बहुधा विधवा म्हणून. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मुली वारस म्हणून येऊ लागल्या. पण पुष्कळदा पुढच्याच फेरफारात त्यांचे हक्कसोडपत्र असते. जमिनीवरचा हक्क सोडताना मात्र त्या कागदावर तिचे नाव, नवऱ्याचे नाव आणि सासरचे गाव नीट लिहिले जाते. वंशवृक्षाची स्त्रियांकडची फांदी शोधणाऱ्याने हक्कसोडपत्रे जरूर वाचावीत. आत्याच्या सासरचा पत्ता तेथेच सापडतो.

१८/ मूळ भोसरीकरांच्या बाबतीतही असेच काहीसे घडले. औद्योगिक वसाहतीसाठी जमीन घेताना मोबदला कोणाला द्यायचा, हे ठरवावे लागले. त्यासाठी भूसंपादनाच्या कागदांत खातेदार, सहहिस्सेदार, वारस नोंदले गेले. अनेक घराण्यांचा सगळा भाऊबंद एकत्र लिहिला गेला, तो शेत हातचे जाताना. आज त्या सर्व्हे नंबरावर कारखाना आहे; नावे त्या निवाड्यात आहेत.

१९/ आता नवी जनगणना येते आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ असून तीत जातीचीही नोंद होणार आहे. भोसरीतील प्रत्येक घराचे नाव पुन्हा एकदा लिहिले जाईल आणि पुन्हा कलम १५ च्या आड राहील. पणतवंडांना त्यातून आकडाच मिळेल. त्यामुळे घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांना नावे विचारावीत, आजीचे माहेर आणि पणजीचे गाव विचारावे, शाळेचे दाखले व जुने फेरफार एका जागी ठेवावेत आणि प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदावरून घेतले, तेही लिहून ठेवावे. (समाप्त)