मुशीचं तेल आणि ‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा

लोफोटेनच्या किनाऱ्यावरचे नॉर्वेजियन मच्छीमार कॉड माशाची काळजं पिंपात साठवत, ती कुजू देत आणि वर आलेलं काळपट तेल काढून घेत. ते दिव्याला, कातडं कमावायला आणि औषधालाही चाले. १८५० च्या दशकात पेटर मोलर या औषधविक्रेत्याने ताजी काळजं वाफेवर शिजवून फिकट, सोसवेल असं तेल काढलं आणि चमचाभर तेल युरोपातल्या घराघरांत पोहोचलं.

त्याला रोगप्रतिकारक म्हणून खरा मान मिळाला १९२८ साली. या तेलात असणाऱ्या ‘अ’ जीवनसत्त्वाविना वाढवलेले उंदीर संसर्गाने दगावतात, हे पाहून शेफील्डच्या ग्रीन आणि मेलनबी यांनी या जीवनसत्त्वाला संसर्गविरोधी ठरवलं. कमतरता असेल तर ती भरून काढणं मोलाचंच. पण व्यवस्थित जेवणाऱ्या माणसाने जास्त घेतलं की जास्त ताकद येते, हे त्यातून सिद्ध होत नव्हतं. गल्लत तिथेच झाली आणि ती आजही चालू आहे.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला आणि हिंदुस्थानात येणारं कॉडचं तेल आटलं. तेव्हा मुंबई आणि मद्रास प्रांतांत मुशीच्या काळजातून तेल काढायला सुरुवात झाली. या तेलात ‘अ’ भरपूर, ‘ड’ मात्र बेताचंच. शिवाय जात बदलली की ताकद बदले. म्हणून प्रत्येक घाण्याची ताकद तपासून, शेंगदाण्याचं शुद्ध तेल मिसळून ती ठरावीक पातळीवर आणावी लागे. या धंद्यातली सर्वांत शहाणपणाची पायरी हीच, कारण ‘अ’ जीवनसत्त्व यकृतात साठतं. ‘क’सारखं ते लघवीवाटे निघून जात नाही.

१९४७ साली स्वित्झर्लंडमधल्या रोश कंपनीच्या ओटो इसलर यांनी ‘अ’ जीवनसत्त्व कृत्रिमरीत्या तयार केलं. पुढे मुशीची गरज उरली नाही. औषधातला मासा गेला, पण शाकाहारी घरांची अडचण पुरती मिटली नाही. मऊ कॅप्सूलचं कवच सहसा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं. ‘ड३’ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं. जैन किंवा वारकरी घरात गोळी आणताना आतल्या औषधाबरोबर कवचाचीही चौकशी करायलाच हवी.

मात्रेचा प्रश्न त्याहून गंभीर. भारतात १९७० पासून बालकांना अंधत्व टाळण्यासाठी ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस दिले जातात. एका वर्षावरच्या मुलाला दोन लाख युनिट, पण दोन डोसांत सहा महिन्यांचं अंतर राखून. गरोदरपणाची गोष्ट वेगळी. १९९५ साली बोस्टनच्या संशोधकांनी सुमारे २२ हजार गरोदर स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात पूरक गोळ्यांतून रोज १० हजार युनिटांहून जास्त रेटिनॉल, म्हणजे तयार ‘अ’ जीवनसत्त्व, घेणाऱ्यांच्या बाळांत जन्मजात व्यंगं अधिक आढळली. गाजर, शेवग्याचा पाला, पपई यांतल्या कॅरोटीनचं तसं नाही. शरीर त्यातून गरजेपुरतंच ‘अ’ बनवून घेतं. त्यामुळे मल्टिव्हिटॅमिन, माशाच्या यकृताचं तेल आणि ‘इम्युनिटी’ची पावडर एकत्र चालू असेल, तर तिन्ही डब्यांवरचे ‘अ’ जीवनसत्त्वाचे आकडे मांडून बेरीज करावी आणि तो कागद डॉक्टरांना दाखवावा.