साडेतीन मिनिटांत मावलेलं घराणं

मागच्या शुक्रवारी रात्री पुण्याहून कोल्हापूरला येताना कानात 'बेबी ॲनिमल्स' होतं. ऑस्ट्रेलियन बँड, १९९१ चा पहिलाच अल्बम, आणि पुढे उभी राहून गाणारी सूझ डिमार्ची. मागे गिटार धडधडत असतात, पण ही बाई त्यांच्याखाली कुठे दबत नाही. अल्बम तिकडे नंबर एकवर गेला होता.

शनिवारी सकाळी चहा पिता पिता आजीला एक गाणं ऐकवलं. म्हटलं, आता शिव्या बसणार! पण तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बाई दमदार हाय रे. पण केसरबाई ऐकलीस का कधी?"

नव्हती ऐकली. मग काय, वीकेंड त्यातच गेला.

तर मंडळी, आपल्याकडच्या 'पहिल्या अल्बम'ची गोष्ट १९०२ पासून सुरू होते. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग यंत्रं घेऊन कलकत्त्याला आला. बरेच नामांकित उस्ताद या भोंग्यासमोर गायला तयार नव्हते. पुढे आल्या त्या बाया. गौहर जान गाणं संपलं की शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायची. मला तो तोरा वाटायचा. खरं कारण एकदम प्रॅक्टिकल होतं: तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला जायच्या, तिथल्या लोकांना लेबलवर नाव काय टाकायचं ते कळायला हवं ना! थोडक्यात, मेटाडेटा :)

आता आमच्या कोल्हापुरात या. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते. ऐन उमेदीत एका संस्थानात अतोनात गायला लागल्यामुळे त्यांचा आवाज बसला होता. जो आवाज उरला त्यात बसेल अशी गायकी त्यांनी नव्याने बांधली. संथ लय, वळणावळणाच्या अवघड ताना, अनवट राग. हेच जयपूर-अत्रौली घराणं. आज आपण ज्याला 'हेवी' म्हणतो तसं वजन या गाण्यात गिटारशिवाय आहे. पण खाँसाहेब १९४६ साली गेले आणि त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं एकही ध्वनिमुद्रण आपल्यापर्यंत आलेलं नाही. एवढी मोठी सिस्टीम लिहिणारा माणूस, आणि त्याची एक फाईल नाही!

मग ती गायकी आपल्याला ऐकायला कशी मिळते? मोठा वाटा त्यांच्या शिष्यांचा, त्यातही केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघींचा. केसरबाई १८९२ साली गोव्यात केरी गावात जन्मल्या. आठ वर्षांच्या असताना कोल्हापुरात येऊन अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या. अल्लादिया खाँसाहेबांकडे त्यांची रीतसर तालीम सुरू झाली ती १९२१ नंतर, म्हणजे जवळजवळ तिशीत. ही तालीम खाँसाहेब जाईपर्यंत चालली. तिशीत आपण 'आता काय नवीन टेक्नॉलॉजी शिकायची' म्हणून कंटाळतो, म्हणून सांगितलं.

केसरबाईंच्या रेकॉर्ड्स निघाल्या, पण ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. जो राग मैफलीत तासभर उलगडायचा, तो तेवढ्यात गुंडाळायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर भयंकर लॉसी कॉम्प्रेशन. बाईंना हे पसंत नव्हतं. पुढे त्यांनी रेकॉर्डिंगला बहुतेक नकारच दिला. गाणं ऐकायचं तर समोर येऊन बसा. आपलं गाणं कुणी असं उचलून न्यावं, हेही त्यांना मान्य नव्हतं.

मला आधी हा हट्ट वाटला. पण कोल्हापूरच्याच धोंडूताई कुलकर्णींबद्दल वाचलं आणि जरा थांबलो. खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडे शिकलेल्या धोंडूताई १९६० च्या दशकात केसरबाईंकडे गेल्या, आणि बाईंनी त्यांना शिकवलं. म्हणजे बाईंना बॅकअप नको होता असं नाही. त्यांना तो माणसात हवा होता, तबकडीत नाही. धोंडूताई २०१४ साली गेल्या.

आणि गंमत बघा. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या पाठवल्या. त्यात भारतातलं एकच गाणं आहे: केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो'. लांबी साडेतीन मिनिटं! व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला, आणि बाई गेल्या १६ सप्टेंबरला. आज ते यान अडीच हजार कोटी किलोमीटरच्या आसपास पोचलंय. ज्या बाईला रेकॉर्डिंग नको होतं, तिचंच रेकॉर्डिंग सगळ्यात लांब गेलं.

रविवारी संध्याकाळी आजीला ती भैरवी लावून दिली. ऐकता ऐकता ती स्वतःच गुणगुणायला लागली. लहानपणी ती दोन वर्षं गाणं शिकली होती, लग्नानंतर सुटलं, हे मला त्या दिवशी कळलं. मी हळूच मोबाईल काढला. तिनं बघितलं. "ते ठेव बाजूला. आधी ऐक."

ठेवला आणि ऐकलं. छान वाटलं. पण परतीच्या एसटीत कऱ्हाड गेलं तरी डोक्यात एकच चालू होतं: बटण दाबायला हवं होतं की काय?